तपासणीस कोणास बोलवावे?

दोह्याच्या सनैयात, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सायंकाळी पाळी सुटली की चहाच्या टपरीपाशी कामगारांची रीघ लागते. वेलदोडा घालून आटवलेला करक चहा वाफाळत असतानाच घशाखाली उतरतो, आणि त्यापूर्वी आपल्या सोलापूर-बीडकडचा एखादा इसम गालातली तंबाखूची गोळी बोटाने काढून टाकतो. तिच्या विक्रीस येथे कायद्याने मनाई आहे, तरी गावाहून येणाऱ्या पेटीतून ती येतेच.

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी या इसमाची निवड होईल काय? अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली घालून दिलेल्या जाबत्यानुसार छातीत जुनाट जळजळ हवी, शिवाय पुरुषत्व, पन्नाशी, गौरवर्ण, धूम्रपान, लठ्ठपणा आणि कुटुंबातील रोग यांपैकी तीन बाबी तरी जुळाव्यात, तेव्हा दुर्बिणीने तपासण्याची शिफारस होते. आम्लाने पालटलेल्या ज्या अस्तरास बॅरेट या शल्यचिकित्सकाचे नाव पडले, त्यातून उद्भवणाऱ्या कर्करोगास तो जाबता लागू आहे. आपल्याकडे मात्र नलिकेच्या मूळ अस्तरातच उपजणारा प्रकार अधिक, आणि त्याची कारणे तंबाखू, सुपारी व मद्य. पासष्ट अंशांहून उष्ण पेय बहुधा कर्करोगकारक होय, असा निर्वाळाही २०१६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला. आखातापलीकडे इराणच्या गोलेस्तान प्रांतात तर हजारो लोकांच्या चहाचे उष्णतामान प्रत्यक्ष मोजले गेले.

सबब माझे म्हणणे असे की, सरसकट साऱ्यांना दुर्बीण घालण्याचा हट्ट न धरता श्रमिकांच्या आरोग्यकेंद्रात आधी विचारावे: तंबाखू किती वर्षे, दारू किती, चहा केवढा कढत, वडील किंवा भाऊ या रोगाने गेले काय. ‘घास अडकतो का?’ हा प्रश्नही विचारावाच, पण त्याचे उत्तर होकारार्थी आले तर ती पूर्वतपासणी राहत नाही, तेथे निदानाचीच घाई करावी लागते. ज्याची निवड होईल, त्याच्या नलिकेत दुर्बिणीतून आयोडीन शिंपडतात. निरोगी अस्तर तपकिरी होते, बिघडलेला भाग फिकट राहतो, आणि तेवढाच तुकडा काढून तपासता येतो.

त्या जाबत्यातील वयाची बाब मला विशेष खटकते. हा माणूस पन्नाशीच्या आत गावी परततो. धोका येथे साठतो, रोग तिकडे प्रकटतो. बार्शीस १९८७ पासून ग्रामीण कर्करोगनोंदणी चालू आहे. तेथील दप्तरात त्याचे नाव चढण्याआधी, येथे विचारलेल्या या चार प्रश्नांची उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पासपोर्टात ठेवून द्यावीत, आणि गावच्या डॉक्टरास ती आधी दाखव, असे त्याला निक्षून सांगावे.