पाचाडची समाधी आणि एक आडनाव

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला, शिवरायांच्या आई जिजाऊसाहेबांची समाधी आहे. शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी इथेच देह ठेवला. आज बोलायचंय त्यांच्या माहेरच्या आडनावाविषयी: जाधव.

हा शब्द मुळात ‘यादव’. संस्कृतातला आरंभीचा ‘य’ प्राकृतातून येताना ‘ज’ झाला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी, यंत्राचं जातं. तसंच यादवचं जादव आणि पुढे जाधव. म्हणजे घरातलं जातं आणि हे आडनाव एकाच वाटेनं आपल्यापर्यंत आलं! मला हे फार सुंदर वाटतं.

यादव म्हणजे पुराणातल्या यदूचे वंशज. पूर्वजावरून आलेली अशी नावं इतरत्रही आहेत. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. पाचाडकर, महाडकर ही आडनावं गाव सांगतात. जाधव मात्र मॅकडोनाल्डसारखं पूर्वज सांगतं.

जिजाऊंच्या माहेरचे, सिंदखेडचे जाधवराव आपलं कुळ देवगिरीच्या यादवांशी जोडत. १६२९ साली जिजाऊंचे वडील लखुजीराव निजामशाही दरबारात मारले गेले, ते दौलताबादेत, म्हणजे त्याच जुन्या देवगिरीवर. हे वाचताना मन थांबतं.

अर्थात आज हे आडनाव अनेक जातींत आहे आणि प्रत्येक जाधव घराण्याचा धागा देवगिरीला पोचतोच असं नाही. पाचाडला गेलात तर समाधीपाशी थोडं थांबा. भोसल्यांच्या या राजमातेचं माहेर जाधवांचं होतं.