वतनी जमीन आणि वारसांचा हक्क

(व्याख्यान)



गावच्या जुन्या दप्तरात पाटीलकी, कुलकर्ण, महारकी या वतनांच्या जमिनींचे उल्लेख वारंवार येतात. जमीन वतनदाराच्या ताब्यात, उत्पन्नही त्याचेच. मात्र ती मनास येईल त्यास देण्याची मुभा त्याला नव्हती. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्यान्वये, सरकारच्या मंजुरीवाचून, त्याच वतनाच्या वतनदारांखेरीज इतर कोणासही ती आपल्या हयातीपलीकडे विकता वा गहाण टाकता येत नसे. चाकरी वंशाकडे, म्हणून जमीनही वंशाकडे, असा हा हिशेब होता.

या बंधनामुळे जमीन सहजासहजी सावकाराच्या घशात जात नसे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वंश म्हणजे कोण? १८८६ च्या कायद्याने याचे उत्तर दिले. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा वगळता घराण्यातील प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा प्रत्येक जण, पात्र पुरुष वारसांच्या मागे ढकलला गेला. चुलत्याच्या मुलापुढे पोटची लेक परकी ठरली.

महार वतनात तर जमीन हीच बेडी झाली. तुटपुंज्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या वेळी-अवेळी राबावयाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात दुरुस्ती विधेयक मांडले. ते संमत झाले नाही.

परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या आणि मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन जमिनी पूर्वीच्या धारकांना पुन्हा देण्याची तरतूद झाली. घोटाळा होतो तो येथे. पुनर्प्रदानाचा आदेश एकट्या थोरल्याच्या नावाने निघाला, की जमीन त्याचीच असा समज घरात रुजतो. १९८२ साली नागेश बिस्टो देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वतनाबरोबर ज्येष्ठाधिकारही संपला. जमीन एकत्र कुटुंबाची असून वाटणीस पात्र आहे.

पुढे राज्याच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीलाही जन्मतः सहदायाद मानले. तरीही वारसनोंदीच्या अर्जातून बहिणींची नावे गळतात, किंवा लग्नाच्या खर्चाचा हवाला देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. असा अर्ज गावात आला, तर पंचायत सदस्याने बहिणींस स्वतः विचारून घ्यावे. जमिनीची विक्री निघाल्यास सातबारावरील ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंदही पाहावी. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून केलेला व्यवहार अडचणीत येतो.