खांद्याची दुखापत : घाई कोठे करावी, धीर कोठे धरावा



मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे; परंतु शरीरशास्त्राच्या धड्यात खांद्यापाशी मी नेहमी थोडा अधिक थांबतो. उखळीचा सांधा म्हणून तो आम्ही शिकवतो खरे, पण ही उखळी इतकी उथळ की हाडाचा गोळा तिच्यावर नुसता टेकलेला असतो. त्याला धरून ठेवतात ते स्नायू आणि कंडरा. म्हणूनच माडावरून पडलेला पाडेली असो की डिचोलीच्या रस्त्यावर दुचाकीवरून घसरलेला तरुण, खांदा चटकन निखळतो.

अशा वेळी चार माणसे जमतात, एकजण काखेत पाय देतो आणि हात ओढतो. ही रीत ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या ग्रंथांतही आहे, तेव्हा तिला अडाणी म्हणून हसू नये. मात्र हाड मोडले की केवळ निखळले, हे वरून कळत नाही. मोडलेल्यावर ओढाताण झाली तर जवळचा मज्जातंतू वा रक्तवाहिनी दुखावते. आणि मजुरीच्या घरात हात गेला म्हणजे चूल विझली. यास्तव मालीश नको, ओढणे नको. हात आहे तसाच गळ्यात बांधून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळी गाठावी. बोटे थंड वा बधिर पडली तर तत्काळ १०८ ला कळवावे. तेथे क्ष-किरण चित्र पाहून, वेदनाशामक देऊन सांधा बसवतात.

घाईचे काम येथे संपते. हात गळ्यात ठेवायचा तो डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. उतारवयात अधिक ठेवल्यास सांधा आखडतो, मधुमेह्यांचा तर विशेष. मग लंबकासारखा हात झुलवण्यापासून व्यायाम सुरू होतो, तो महिनोन्‌महिने चालतो. दुखणे थांबले की आपली माणसे व्यायाम सोडतात, हे मला फार खटकते.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही. वयोमानाने झिजलेल्या कंडरेला बहुधा व्यायामच पुरतो. सांध्यातील इंजेक्शनाने मिळणारा आराम काही काळाचा. पण तरुणाचा खांदा पुन्हापुन्हा निखळत असेल, किंवा पडल्यानंतर हात वर उचलताच येत नसेल, तर दिवस घालवू नयेत; तुटलेली कंडरा कालांतराने आकसते आणि शिवणे कठीण होते. खर्चाची धास्ती असल्यास २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड बरोबर न्यावे आणि खिडकीवर आधीच चौकशी करावी.