स्टोचे उद्यान आणि झाडीआडचे चर्च



इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातील स्टो येथील उद्यान पाहताना, येथे माणसाने फारसे काही केलेच नसावे, असे प्रथमदर्शनी वाटते. गवताचे सौम्य उतार, वृक्षांचे मोकळे पुंजके, संथ तळी आणि मध्येच ग्रीक-रोमन धाटणीचे एखादे मंदिर. वस्तुतः यातील बहुतेक सारे घडविलेले आहे, आणि तेही पुनःपुन्हा.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉर्ड कॉबम यांच्यासाठी चार्ल्स ब्रिजमनने येथे सरळ, रेखीव वाटा आखल्या. सीमेवर उंच भिंत न घालता त्याने खंदक खणून त्यातच भिंत दडविली. इंग्रज या युक्तीला ‘हा-हा’ म्हणतात. तिच्यामुळे गुरे बाहेर राहतात आणि नजर मात्र अडत नाही. पुढे विल्यम केंटने रेखीवपणा मोडून वळणावळणाचे रम्य प्रदेश निर्माण केले. १७४१ मध्ये लान्सलॉट ब्राउन हा तरुण माळी येथे आला. ‘कॅपेबिलिटी’ या टोपणनावाने पुढे देशभर गाजलेला तो हाच. त्याच्या काळात हजारो घनयार्ड माती उपसून ‘ग्रीशियन व्हॅली’ ही दरी कोरण्यात आली. आज ती सृष्टीचीच करणी भासते.

या सौंदर्याला एक किंमत पडली. येथे स्टो नावाचे गाव होते. उद्यान वाढत गेले, तसतसे ते नाहीसे झाले. उरले ते गावाचे मध्ययुगीन चर्च. १७४४ मध्ये ब्राउनचा विवाह याच चर्चमध्ये झाला. ज्या मंदिरांत कोणी पूजा करणार नव्हते, ती दुरून दिसावीत म्हणून डौलाने उभी राहिली. जेथे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना झाली, ते चर्च मात्र झाडीआड गेले.

काळाने मालकांनाही सोडले नाही. बकिंगहॅमचे दुसरे ड्यूक कर्जात बुडाले आणि १८४८ मध्ये वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. १९२३ मध्ये वाड्यात शाळा भरू लागली. १९८९ मध्ये उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आले. जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे तेव्हा प्रश्न उभा राहतो: नेमके कोणत्या काळचे स्टो पुन्हा उभे करावयाचे? ब्रिजमनचे, केंटचे, की ब्राउनचे? वाट पुन्हा आखता येते, पडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावता येते. गाव मात्र या निवडीत येतच नाही.

म्हणून स्टोला जाणाऱ्याने मंदिरे पाहून झाल्यावर झाडीतले ते चर्चही आवर्जून पाहावे. तेथे कोणाची घरे होती, हे सांगणारी तेवढीच एक वास्तू उरली आहे.