शमी आणि वेडी बाभूळ



दिल्लीस बदलून आलो त्या वर्षी गणेशचतुर्थीच्या पत्रीसाठी शमी काही केल्या मिळेना. अखेर कचेरीतील एका शिपायाने रिजवरून एक डहाळी आणून दिली. रिज म्हणजे अरवली पर्वताची दिल्लीत शिरलेली शेवटची डोंगरधार. डहाळीची पाने शमीसारखीच बारीक, जोडीजोडीने लागलेली, काटेही होते. आम्ही ती भक्तिभावाने वाहिली. पुढे कळले की ती शमी नव्हतीच. ती विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ!

चूक अगदीच अक्षम्य नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या दोघींना दीर्घकाळ 'प्रोसोपिस' या एकाच प्रजातीत बसविले होते. २०२२ साली विलायतीस 'नेल्टुमा' हे निराळे नाव मिळाले. ओळखण्याची खूण काट्यांत आहे. शमीचे काटे आखूड आणि फांदीवर विखुरलेले. विलायतीचे लांब, पानाच्या बगलेतून निघालेले.

ही विलायती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. ती एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आली. १९११ साली राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या नगरीमागची उजाड रिज हिरवी करण्याची निकड भासू लागली. पुढे तेथे हे झाड लावले गेले. काम चोख झाले, नको इतके चोख झाले. गुरे तिच्या पाल्याला तोंड लावीत नाहीत, पण गोड शेंगा आवडीने खातात, आणि बी शेणावाटे दूरवर पोहोचते. तोडावी तर बुंध्यातून पुन्हा फुटते. तिच्या दाटीत धौसारख्या तेथल्या मूळ झाडांची रोपे तग धरीत नाहीत.

शमीची रीत अगदी उलट. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात, हरियाणात जांटी. तिच्या सावलीत शेतकरी बाजरी पेरतो. पाला शेळ्याउंटांना, कोवळ्या शेंगांची भाजी माणसांना. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी ही झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली ती शमी विराटनगरीची. आणि ती नगरी म्हणजे जयपूरकडचे बैराट, असे मानतात. म्हणजे शमी येथली घरचीच! मात्र ती वाढते सावकाश. मुदतीत दिसेल असे काम करून दाखविण्याचा तगादा मलाही ठाऊक आहे; त्यामुळे त्या वेळच्या साहेबांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

आता विलायती सरसकट तोडावी, असे पुष्कळ जण म्हणतात. पण तिच्या सरपणावर कित्येक गरिबांच्या चुली पेटतात, आणि उघडी पडलेली जमीन ती पुन्हा व्यापतेच. म्हणून तिच्या फांद्या छाटून उजेडाला वाट करावी आणि खाली देशी रोपे वाढवावीत, ही येथील जैवविविधता उद्यानांच्या अभ्यासकांची पद्धत मला अधिक पटते. तिला वर्षे लागतात.

हल्ली पत्रीसाठी मी गुडगावपलीकडच्या एका बांधावर जातो. तेथला म्हातारा शेतकरी डहाळी तोडून देतो आणि दरवर्षी विचारतो, "साहेब, आपके यहाँ बकरी कितनी हैं?"