जुन्या मोटारबोटीचें एंजिन मंदावतें तेव्हां

वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता होते, आणि ती पुढें सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. तिकडे भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती एकत्र येतात. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनमय जिल्ह्यांत पावसाळा म्हणजे पूर, आणि पूर म्हणजे होडी, हें समीकरण फार जुनें आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हां ब्रह्मपुरी तालुक्यांतील गांवांतून माणसें होड्यांनीं बाहेर काढावीं लागलीं. अशा वेळीं ऐन धारेंत एंजिनाचा जोर ओसरला, तर प्रसंग जिवावरचा होतो. म्हणून होडीच्या मागें लावलेल्या जुन्या पेट्रोल-एंजिनाच्या दुखण्याविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

प्रथम माझाच अनुभव सांगतों. प्राणहितेंत एकदां आम्हीं एक जुनी होडी सोडली. दहा मिनिटें ती उत्तम चालली. मग एंजिन दमल्यासारखें होऊन थांबलें. कांहीं वेळानें पुन्हां सुरू झालें, आणि पुन्हां थांबलें. कांठावर येऊन आम्हीं कार्ब्युरेटर उघडला, धुतला, जोडला, दोष कायमच! शेवटीं शेजारीं बसलेल्या एका वृद्ध नावाड्यानें विचारलें, “साहेब, टाकीले हवा भेटते का?” टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. पेट्रोल जसजसें उतरे, तसतशी आंत पोकळी होऊन पुढचें पेट्रोल अडे. थांबल्यावर थोडी हवा झिरपे, म्हणून एंजिन पुन्हां लागे.

त्या दिवशीं मीं एक नियम शिकलों: बाहेरचें आधीं पाहावें, आंतलें मागून, आणि एका वेळीं एकच फेरफार करावा. दोन फेरफार एकदम केले, तर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न असा, कीं एंजिन अशक्त आहे कीं होडी जड आहे? तळाशीं साचलेलें १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलोंचें ओझें. मग पंखा पाहावा. वेल किंवा जाळ्याचा दोरा त्याला गुंडाळतो, वाळूंतील दगडानें पातें वांकतें. एंजिनाचे फेरे वाढतात, पण होडी सरकत नाहीं, असें असेल तर पंख्याच्या आंतील रबरी बुश सुटलें असण्याचा संभव असतो. हात लावण्यापूर्वीं एंजिन मात्र बंद करावें.

दुसरें, पेट्रोल. हल्लींच्या पेट्रोलांत एथेनॉल मिसळलेलें असतें. तें ओलावा शोषून घेतें, आणि पाणी फार झालें कीं तें मिश्रण वेगळें होऊन तळाशीं बसतें. स्वच्छ कांचेच्या बरणींत थोडें पेट्रोल घेऊन घटकाभर ठेवावें. खालीं निराळा थर दिसल्यास तें वापरूं नये. नळीवरील रबरी फुगा दाबतांच जोर परत येत असेल, तर पुरवठा अपुरा आहे असें समजावें. नळीस भेग, तुंबलेली गाळणी किंवा पंपाचा फाटलेला पडदा, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें.

तिसरें, ठिणगी. दोन सिलिंडरांचें एंजिन पुष्कळदां एकावरच रडतखडत चालतें. एंजिन बंद करून दोन्ही प्लग काढावे व शेजारीं ठेवून पाहावे. एक कोरडा व दुसरा पेट्रोलनें ओला असल्यास ओल्या बाजूस ठिणगी पडत नसावी.

चौथें, थंडावा. एंजिनाच्या बाजूनें पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. पुराच्या गढूळ पाण्यानें तिची वाट बुजते, आणि पंपांतील रबरी चक्र जुनें झालें कीं कडक होतें. धार थांबली तर एंजिन तत्काळ थांबवावें. आणि पाण्याबाहेर तें कोरडें कधींच चालवूं नये.

इतकें करूनहि गुण न आल्यास दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजवून घ्यावा. दोहोंत शेंकडा १५ हून अधिक अंतर निघालें, तर मात्र काम कुशल मिस्त्रीचें आहे.

श्रोतेहो, खरा दोष बहुधा एंजिनाचा नसतो. दहा महिने पडून राहिल्याचा असतो. म्हणून मृग लागण्यापूर्वीं एके दिवशीं, नदी शांत असतांना, पूर्ण भार घालून होडी अर्धा तास चालवावी आणि काय आढळलें तें वहींत टिपून ठेवावें. धारेंत एंजिन बंद पडल्यास आधीं नांगर टाकावा, मग पान्हा हातीं घ्यावा; आणि अंगावर तरंगतें जाकीट असल्यावांचून कोणासहि होडींत बसवूं नये. पुराच्या रात्रीं पैलतीरीं वाट पाहणाऱ्या माणसांचा भरंवसा उन्हाळ्यांतील त्या अर्ध्या तासावर असतो.