उतारवयांतील बळ

वयाची साठी उलटली कीं घरांतील मंडळी मोठ्या मायेनें दोन उपदेश करूं लागतात. पहिला, "आतां तुम्ही स्वस्थ बसा," आणि दुसरा, "आतां जरा हलकेंच खा." भाजीची पिशवी घेऊन जिना चढूं लागलें तर नातू धांवत येऊन ती हातांतून काढून घेतो, रात्रीं ताटांत दुसरी भाकरी पडण्यापूर्वीं सूनबाई काळजीनें विचारते, "बाबा, जड नाहीं ना पडणार?" या दोन्ही उपदेशांच्या मुळाशीं प्रेम आहे, आणि प्रेमाला दोष देण्याचें धैर्य कोणास होणार? परंतु म्हातारपणीं जें बळ जातें, तें सगळेंच वयामुळें जात नसून त्यांतील पुष्कळसें या विश्रांतीमुळें आणि या अर्धपोटी जेवणामुळें जातें. इतकेंच नव्हे, तर त्यांतील बरेंचसें परत मिळवितांही येतें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. मी वैद्य नव्हें. माझा जन्म शाळेंत गेला. तेव्हां जाणत्यांनीं तपासून पाहिलेलें आणि आपल्या घरांत करतां येण्यासारखें, तेवढेंच सांगेन.

म्हातारपण आपण ओळखतों तें केसांवरून, दांतांवरून आणि चष्म्यावरून. खरी झीज मात्र डोळ्यांना न दिसतां चालू असते, आणि ती मांसपेशींची. तिशी ओलांडल्यावर दर दहा वर्षांत साधारणपणें तीन ते आठ टक्के मांस कमी होत जातें. साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. मांसापेक्षांही बळ लवकर ओसरतें. वजनाच्या कांट्यावर हें कळत नाहीं, कारण गेलेल्या मांसाची जागा चरबी घेते आणि कांटा तोच आंकडा दाखवीत राहतो. १९८९ सालीं अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनीं या अवस्थेस 'सार्कोपेनिया' हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. शरीराला आलेलें मांसाचें दारिद्र्य, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

या दारिद्र्यांतही एक भेद आहे. आपल्या स्नायूंत कांहीं तंतू सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे असतात, तर कांहीं झटकन् जोर लावणारे. वयाबरोबर अधिक झिजतात ते हे दुसरे. म्हणून सत्तरीचा गृहस्थ तासभर फिरून येतो, पण उंबऱ्याला पाय अडखळला तर दुसरा पाय वेळेवर पुढें टाकून स्वतःला सांवरूं शकत नाहीं. तो पडतो. खुब्याचें हाड मोडतें, महिनोन् महिने अंथरूण धरावें लागतें, आणि त्या अंथरुणांत उरलेलें बळही जातें. पुष्कळांचें स्वावलंबन संपतें तें असें, एका क्षणांत. पण त्या क्षणाची तयारी वीस वर्षें चाललेली असते.

"मी रोज सकाळीं चालतों, मला आणखी व्यायाम कशाला?" असें कोणी विचारतील. चालणें उत्तमच. हृदयाला, श्वासाला, मधुमेहाला आणि मनालाही त्याचा गुण येतो. तें कोणीं सोडूं नये. परंतु शरीर हें मोठें हिशेबी आहे. ज्या कामाची मागणी असेल, तेवढ्याचीच तें तरतूद ठेवतें. सपाट रस्त्यावर चालण्याला मांड्यांचें जेवढें बळ लागतें, तेवढेंच चालण्यानें राखलें जातें. हात, खांदे आणि पाठ यांच्याकडे तर कोणी कांहीं मागतच नाहीं. बळ हवें असेल तर स्नायूवर त्याच्या संवयीपेक्षां थोडा अधिक भार पडला पाहिजे.

आपलें बळ किती आहे, हें घरच्या घरीं पाहतां येतें. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसावें, दोन्ही हात छातीशीं बांधावे, आणि हाताचा आधार न घेतां पांच वेळां उठून उभें राहावें. यास पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पायांतील बळ कमी झालें आहे असें समजावें, असा युरोपांतील तज्ज्ञमंडळाचा २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेला दंडक आहे. ज्यांस एकदांही हाताशिवाय उठतां येत नाहीं, त्यांनीं तर आजपासूनच विचार करावा.

आतां, इतक्या उशिरां कांहीं उपयोग होईल काय? या शंकेचें उत्तर अमेरिकेंतील बोस्टन शहरांत मिळालें आहे. डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील वृद्धाश्रमांतील शंभर दुर्बळ माणसांवर केलेला प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. या मंडळींचें सरासरी वय सत्याऐंशी. बहुतेकांना काठीचा, वॉकरचा किंवा चाकांच्या खुर्चीचा आधार लागे. त्यांचे चार गट केले. एका गटानें पायांच्या स्नायूंना भार देणारा व्यायाम केला, दुसऱ्याला नुसता पौष्टिक पूरक आहार दिला, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला दोहोंपैकीं कांहींच नाहीं. दहा आठवड्यांनीं पाहतात तों व्यायाम करणारांचें बळ दुपटीहून अधिक झालेलें. चालण्याचा वेग सुमारें बारा टक्क्यांनीं आणि जिना चढण्याची शक्ति सुमारें अठ्ठावीस टक्क्यांनीं वाढलेली. ज्यांना नुसता पौष्टिक आहार मिळाला, त्यांच्या दुर्बळतेंत मात्र फरक पडला नाहीं. यांतून दोन गोष्टी ध्यानीं घ्याव्या. सत्याऐंशीव्या वर्षींही स्नायू शिकतो. आणि मागणी केल्यावांचून त्याला नुसतें खाऊं घालून भागत नाहीं.

भार हळूहळू वाढवीत नेण्याची ही विद्या आपल्याला परकी नाहीं. आपल्या तालमींतून जोर, बैठका, मुद्गल आणि दगडी नाल यांच्या रूपानें ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं, पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालीं आणि दादरचें समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालीं स्थापन झालें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार तर केलाच, पण उतारवयांतही ते स्वतः नमस्कार घालीत. आपली चूक एवढीच झाली, कीं तालीम ही तरुणांची आणि चावडीचा कट्टा वृद्धांचा, अशी वांटणी आपण मनाशीं करून टाकली. खरें पाहतां तरुणाला तालमीनें शोभा येते. वृद्धाची ती गरज आहे.

मग काय करावें? बैठक प्रथम खुर्चीवरची करावी. वर सांगितल्याप्रमाणें आठ-दहा वेळां उठावें-बसावें, दोन मिनिटें विसांवा घ्यावा, आणि पुन्हां तितकेंच करावें. बसतांना धप्पकन् अंग टाकूं नये. सावकाश खालीं येण्यांत अर्धा व्यायाम आहे. हें सोपें वाटूं लागलें कीं दोन किलो तांदुळाची पिशवी छातीशीं धरून करावें. जोर प्रथम भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकघराच्या ओट्याला, आणि पुढें जमल्यास भक्कम पलंगाच्या कडेला टेकून काढावे. पाण्यानें भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचें वजन. तशा दोन बाटल्या खांद्यापासून वर उचलाव्या. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्या. शेवटीं भिंतीजवळ उभें राहून एकेका पायावर दहा-दहा सेकंद तोल सांभाळावा.

श्रम किती व्हावे, याची खूण अशी, कीं शेवटच्या दोन वेळा जड वाटाव्या, परंतु नेट लावला असता तर आणखी दोन झाल्या असत्या असें वाटावें. श्वास कोंडूं नये. जोर लावतांना तो बाहेर सोडावा, कारण श्वास कोंडल्यानें रक्तदाब एकदम चढतो. लागोपाठच्या दिवशीं त्याच स्नायूंना श्रमवूं नये. स्नायू भरतो तो विश्रांतीच्या दिवशीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्ट वर्षांवरील माणसांस आठवड्यांतून निदान दोन दिवस बळाचा आणि तीन दिवस तोल राखण्याचा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याखेरीज दीडशें ते तीनशें मिनिटें चालण्यासारखे मध्यम श्रम. ज्यांस हृदयविकार, अंतर्गळ, अनावर रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, त्यांनीं डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा. पहिल्या कांहीं आठवड्यांत जें बळ वाढतें, तें मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना नीट हांक मारूं लागतात म्हणून. स्नायू भरतात ते पुढें. यासाठीं तीन महिने तरी धीर सोडूं नये.

आतां आहाराकडे वळूं. स्नायू बांधले जातात प्रथिनांनीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ माणसास दर किलो वजनामागें दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनें सांगितलीं आहेत. वृद्ध शरीर प्रथिनांचा उपयोग तितक्या तत्परतेनें करीत नाहीं, म्हणून त्यास एक ते १.२ ग्रॅम द्यावीं, असें तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१३ सालीं सुचविलें. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. आपल्या ताटाचा हिशेब मांडून पाहूं. दिवसभरांतील पोळी, भाकरी व भात मिळून दोनशें ग्रॅम धान्य धरलें तर त्यांतून सुमारें वीस ग्रॅम मिळतात, मूठभर डाळीच्या वरणांतून सहा-सात, चहांतील दुधांतून तीन, भाजींतून तीन-चार. बेरीज पस्तिसाच्या आंतच राहते.

ही तूट भरून काढण्यास डबाबंद भुकटीच हवी असें नाहीं. पन्नास ग्रॅम मटकीची उसळ सुमारें दहा ग्रॅम देते. पाव लिटर दूध किंवा दहीं आठ. तीस ग्रॅम भाजलेले दाणे सात. झाले साठ! अंडें चालत असेल त्यांस प्रत्येक अंड्यांतून सहा ग्रॅम, आणि मासे चालत असतील त्यांना तर कोंकणची सर्व किनारपट्टी मोकळी आहे. दांत गेले असतील त्यांनीं पिठलें, मुगाचीं धिरडीं, दहीं-भात, मऊ खिचडी यांचा आश्रय घ्यावा. हीं प्रथिनें तिन्ही वेळच्या खाण्यांत वांटून घ्यावीं. सकाळीं चहा आणि पोहे, रात्रीं नुसता भात आणि लोणचें, हा क्रम बळाच्या मुळावर येणारा आहे. उपासाच्या दिवशीं साबुदाणा म्हणजे केवळ पिष्ट; त्यापेक्षां वरीचा भात आणि दाण्याची आमटी बरी. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं मात्र प्रथिनें स्वतःच्या विचारानें वाढवूं नयेत. हलकें खावें या उपदेशांत तळलेलें आणि गोड कमी करावें इतका अर्थ असेल, तर तो शिरसावंद्य आहे. वरण, उसळ आणि दहीं यांना तो लागू करूं नये.

घरांतील वृद्ध स्त्रियांविषयीं एक शब्द स्वतंत्रपणें सांगणें जरूर आहे. जातें, उखळ आणि पाण्याच्या घागरी यांनीं एके काळीं त्यांच्याकडून नकळत भाराचा व्यायाम करून घेतला. ते कष्ट गेले हें फार चांगलें झालें, पण त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचीं हाडें अधिक वेगानें विरळ होतात. सरासरीनें त्या पुरुषांपेक्षां अधिक वर्षें जगतात, म्हणजे दुर्बळतेचीं वर्षेंही त्यांच्याच वांट्याला अधिक येतात. आणि तरीही आपल्या पुष्कळ घरांत सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर उरलेलें पातळ वरण घेऊन शेवटीं बसते ती आजीच. व्यायाम करावयाचा तर तो तिच्यासह करावा, आणि उसळीचा पहिला डाव तिच्या पानांत पडावा.

तरुण श्रोत्यांस माझी विनंति आहे. वडिलांच्या हातांतील प्रत्येक काम काढून घेण्यांत सेवा नाहीं. त्यांना पेलेल इतका भार त्यांच्याकडे राहूं द्या. जड असेल त्यास हात लावा, सोपें असेल तें त्यांचें त्यांना करूं द्या. आणि माझ्या वयाच्या मंडळींस एवढेंच सांगणें, कीं उद्यां सकाळीं घड्याळ समोर ठेवून खुर्चीची ती परीक्षा द्यावी, लागलेले सेकंद दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे, आणि तीन महिन्यांनीं त्याच खुर्चीवर पुन्हां परीक्षेस बसावें. या परीक्षेंत गुणांची स्पर्धा दुसऱ्या कोणाशीं नाहीं. बक्षीस मात्र मोठें आहे: जमिनीवरून स्वतः उठणें, स्वतःचें स्नान स्वतः उरकणें, आणि मनांत येईल तेव्हां कोणाची वाट न पाहतां घराबाहेर पडणें.